बांगड्यांसकट

नाव: सईबाई जनकोजी घाटगे. वय: ४२ वर्षे. धंदा: गिंडी येथे रेडिओचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तारेची कॉइल गुंडाळणे. राहणार: टी. नगर, मद्रास. तारीख १२ फेब्रुवारी १९६२, सोमवार.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील नाव व पत्ता माझा आहे. हेड कॉन्स्टेबल तुळजाजी यांनी नावाच्या जागी प्रथम 'कै. जनकोजी घाटगे यांची विधवा' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. मी कोणाची विधवा आहे ते पुढे येईलच, आधी माझे नाव येऊ दे. मला तमिळ चांगले येते. पण मला ज्या भाषेत गप्प बसवले गेले त्याच भाषेत हा जबाब द्यायचा आहे. तुळजाजी आमच्याच तंजावूरकडचे मराठी असल्याने ते तो मराठीत लिहून घेत आहेत. तमिळ तर्जुमा मागाहून जोडतील.

माझे धाकटे दीर अप्पाजी घाटगे यांनी काल माझ्याविरुद्ध तक्रार दिली की, मी रविवारच्या सभेत दंगा केला व त्यांच्या दोन थोबाडीत मारल्या. ती तक्रार मला वाचून दाखवली. दोन मारल्या हे खोटे आहे. एकच मारली.

टी. नगरात पाँडी बाजाराजवळच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये तबकडी रसिक मंडळ म्हणून एक मंडळ भरते. अध्यक्ष शेषगिरी राव हे हायस्कुलातून निवृत्त झालेले मास्तर आहेत. अप्पाजी चिटणीस आहेत. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या लावायच्या, कॉफी प्यायची आणि वाद घालायचा, हे मंडळाचे काम. रविवारच्या वादाचा विषय होता, आजच्या सिनेमाच्या व लोकांच्या तोंडच्या गाण्यांना सर्वांत जास्त वळण कोणत्या आल्बमने लावले. पूर्वी तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. मोठे काही ऐकवायचे तर चार-सहा तबकड्या पुठ्ठ्याच्या बाडात घालून एकत्र विकत, त्याला आल्बम म्हणतात. मंडळ जो आल्बम निवडील तो एक कंपनी जास्त वेळ वाजणाऱ्या नव्या तबकडीवर पुन्हा काढणार आहे व वेष्टनावर गाणाऱ्याचे नाव छापणार आहे. म्हणून रविवारी हॉल भरला होता. मी माझी मुलगी कनका हिच्याबरोबर मागच्या बाकावर बसले होते.

शेषगिरी रावांचे मत एका नाटकाच्या दहा तबकड्यांच्या आल्बमला होते. एका विद्यार्थ्याने गिटारची इंग्रजी तबकडी आणली होती व पुढची तीस वर्षे हीच वाजणार असे तो सांगत होता. त्याला कोणी धड बोलूही दिले नाही. मग कनका उभी राहिली. ती तांबरमच्या कॉलेजात शिकते व तिला भीड नाही. ती तमिळमध्ये म्हणाली की, नाटकाची गाणी नाटकाबरोबर संपली. लग्नगाण्यांच्या चार तबकड्यांचा जो आल्बम आहे, त्यात गाण्याबरोबर बांगड्यांचा ताल आहे, तसा ताल त्याआधी कुठल्याच तबकडीवर नव्हता आणि आज तो प्रत्येक सिनेमात आहे. कोणत्याही मुलीचे गाणे ऐका, मागे बांगड्या वाजतातच. टाळ्या पडल्या.

तो आल्बम १९३४ सालचा आहे. त्यात नलंगूची गाणी आहेत. लग्नाच्या दुपारी नवरा-नवरीला समोरासमोर बसवून बायका चिडवतात, त्याला आमच्याकडे नलंगू म्हणतात. ही गाणी बायकांचीच, पुरुषांना ती येत नाहीत. आल्बमवर गाणाऱ्याचे नाव नाही. 'तंजावूरची एक स्त्री' एवढेच आहे. ती स्त्री मी आहे.

त्या वेळी मी चौदा वर्षांची होते व लग्नाला महिना झाला होता. माझे यजमान जनकोजी माउंट रोडवरच्या ग्रामोफोनच्या दुकानात कारकून होते. त्यांनी मला स्वयंपाकघरात गाताना ऐकले आणि आवाज भरायला आलेल्या साहेबाकडे नेले. अप्पाजी सोबत होते. हार्मोनियमची पेटी त्यांनीच उचलून आणली होती. एका बंगल्यातल्या खोलीत खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. मी गाऊ लागले तसे साहेबाने हात वर करून थांबवले. यंत्रात बांगड्यांचा आवाज येतो, त्या काढायला सांगा, असे त्याने दुभाष्याकरवी सांगितले. मी नाही म्हटले. लग्नाचा चुडा होता, तो मी कोणाच्या यंत्रासाठी उतरवणार नव्हते. साहेब चिडला. अप्पाजी म्हणाले, "वैनी, थोडक्यासाठी कशाला. काढा की." माझे यजमान म्हणाले, "ती गाईल तर बांगड्यांसकट गाईल. नाहीतर आम्ही घरी जातो." ते एरवी कोणाशी चढ्या आवाजात बोलत नसत. बांगड्या वाजणारच होत्या, तर बेताल कशाला वाजू द्यायच्या, म्हणून मी त्या तालात वाजवल्या. नवलाचे यापलीकडे काही नाही.

तबकड्या घरोघर गेल्या. तेव्हा सासऱ्यांना कळले. घाटग्यांची सून पैसे देणाऱ्या कोणाच्याही घरात गाते, असे ते म्हणाले. नाव छापलेले नव्हते म्हणून निभावले. मी पुन्हा गायचे नाही आणि त्या तबकड्यांबद्दल कोणी बोलायचे नाही, असे ठरले. ठरवताना मला विचारले नव्हते.

यजमान १९५१ साली वारले. बांगड्या फोडल्या त्या अप्पाजींच्या देखत. माझी तक्रार नाही, तेव्हा तसेच करत. तीन वर्षांपूर्वी अप्पाजींच्या मुलीचे लग्न झाले. नलंगूला लाउडस्पीकरवर त्यांनी माझाच आल्बम लावला. मी विधवा म्हणून मला कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांजवळ बसवले होते. बाहेर माझा आवाज नवरा-नवरीला चिडवत होता आणि आत मी नारळ मोजत होते. त्या दिवशी मला रडू आले नाही, राग आला. तो अजून गेलेला नाही, हेही लिहून घ्यावे.

रविवारी कनका बोलून बसल्यावर शेषगिरी राव उठले. त्यांनी आल्बम मोठा आहे हे मान्य केले. पण बांगड्यांची कल्पना कंपनीच्या हार्मोनियम मास्तरांची होती, ते आता हयात नाहीत, वेष्टनावर त्यांचेच नाव घालावे, असे ते म्हणाले. गाणारी कोणी भाड्याने आणलेली बाई होती, आपण काय करतो आहोत हे तिला कळतही नव्हते, असेही ते म्हणाले. त्यांनी अप्पाजींकडे पाहून विचारले, "तुम्ही तेव्हा तिथं होतात ना?" अप्पाजी म्हणाले, "होतो. कोण बाई होती ते मला ठाऊक नाही." त्यांनी हे माझ्याकडे पाहून सांगितले.

मी उठले. कनका म्हणाली, "अम्मा, थांब, मी बोलते." मी तिला बसवले आणि समोरच्या विशालाक्षी नावाच्या बाईच्या बांगड्यांच्या दुकानात गेले. हिरव्या काचेच्या बारा बांगड्या मागितल्या. तिने माझे कपाळ पाहिले आणि तिचा हात आखडला. "कोणासाठी, अम्मा? माप सांगा," ती म्हणाली. मी माझे दोन्ही हात पुढे केले. तिने आणखी काही न विचारता बांगड्या चढवल्या. त्या बाईला साक्षीला बोलावू नये. तिने फक्त आपला धंदा केला.

हॉलमध्ये परत येऊन मी शेषगिरी रावांना सांगितले की, भाड्याची बाई आली आहे, तबकडी लावा. त्यांनी लावली, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. ती वाजू लागली तशी मी तिच्याबरोबर गायले आणि बांगड्या वाजवल्या. माझा आवाज आता चौदा वर्षांचा नाही, जड झाला आहे. हात मात्र कुठे चुकले नाहीत. अठ्ठावीस वर्षांनी मी चार लोकांत गात होते आणि मला आनंद होत होता. हा दंगा असेल तर मी दंगा केला.

दुसरे कडवे चालू असताना अप्पाजी बाकांमधून आले. म्हणाले, "काय करूलालीस तू? अस्की लोकं बघूलालेत." सगळे बघत होते हे खरे. त्यांनी आजवर मला कधी 'तू' म्हटले नव्हते. त्यांनी माझे डावे मनगट धरले व माझा हात बाकाच्या कडेवर आपटला. दोन बांगड्या फुटल्या. माझ्या मनगटाला काच लागली, ती जखम तुळजाजींनी पाहिली आहे. बांगड्या एकदा फोडल्या तेव्हा मी हात पुढे केला होता, दुसऱ्यांदा करणार नव्हते. मी उजव्या हाताने त्यांच्या थोबाडीत मारली. तबकडी वाजतच होती. कनकाने ती बंद केली.

नंतर शेषगिरी राव म्हणाले की, नलंगूची गाणी कोणत्याही बाईला येतात आणि बांगड्या कोणालाही भरता येतात, यावरून काही सिद्ध होत नाही. मंडळ लेखी पुराव्याशिवाय कोणाचेही नाव कंपनीला कळवणार नाही. मला ते बरोबर वाटले. माझ्याकडे लेखी काहीच नव्हते. सभा मोडली, मी घरी आले आणि कनकाला जेवायला वाढले.

आज सकाळी शिपाई मला बोलवायला आला. येथे आल्यावर तुळजाजींनी मला बसायला खुर्ची दिली व समजावले. ते म्हणाले, "अक्का, घरचंच भांडण. बांगड्या उतरवा, एक 'चुकलं' म्हणा, तक्रार मागं घेतो म्हणतायत ते." मी म्हटले, तक्रार काय आहे ते तरी आधी वाचा. त्यांनी वाचली. तीत अप्पाजींच्या हातचे, त्यांच्या सहीच्या वर, असे वाक्य आहे: 'सदर बाईने पूर्वीही, सन १९३४ साली, लग्नगाण्यांच्या तबकड्यांवर बांगड्या वाजवीत गाऊन आमच्या घराण्यास काळिमा लावला असून, आता पुन्हा भरसभेत तोच प्रकार केला.'

हे वाक्य मी तुळजाजींना पुन्हा वाचायला लावले. मग आणखी एकदा. रागाच्या भरात माणूस काय लिहून जातो त्याचे त्याला भान राहत नाही. बाहेरच्या बाकावर अप्पाजी बसले होते, त्यांनी ते ऐकले. ते लगेच आत आले आणि म्हणाले की, तक्रार मागे घेतो, माफीही नको, कागद तेवढा परत द्या. या वेळी ते मला 'वैनी, तुम्ही' म्हणाले.

माझी हरकत आहे. तक्रार मागे घेऊ देऊ नये. थोबाडीत मारली ती मारली, त्याबद्दल कोर्ट सांगेल ती शिक्षा मी भोगीन. माफी मागणार नाही. बांगड्या उतरवणार नाही. फुटलेल्या दोन बांगड्यांचे तुकडे पंचांसमक्ष जप्त केले आहेत. उरलेल्या दहा माझ्या हातात आहेत, त्या मुद्देमाल म्हणून मागितल्यास मिळणार नाहीत. उद्या कारखान्यात मी त्या घालूनच कॉइल गुंडाळणार आहे. तक्रारीची सहीशिक्क्याची नक्कल मला रीतसर मिळावी. मला ती शेषगिरी रावांकडे द्यायची आहे. त्यांनी लेखी पुरावा मागितला होता.

हा जबाब मला माझ्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवला. अप्पाजी त्या वेळी खोलीतच उभे होते. मी बोलले तसाच तो उतरला आहे, माझ्यावर कोणाचा दाब नाही. ऐकल्यावर एकच दुरुस्ती सुचवली ती अशी. वर धंद्याच्या जागी नुसते कॉइल गुंडाळणे लिहिले आहे. त्याच्या आधी 'गाणे' असे लिहावे. तुळजाजींनी तसे लिहिले व शेजारी माझी सही घेतली.

सही: सईबाई घाटगे