डोंगर मक्याच्या पलीकडं राहिले

...आणि वर मलाच म्हणतो, तू कशानं म्हणून खूश होत नाहीस! मी? तुम्हाला सांगते, एक्केचाळीस वर्षं आयोवात संसार केला मी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून मका, न्हाणीघराच्या खिडकीतून मका, एकदा, फक्त एकदाच कोलोरॅडोचे डोंगर दाखव म्हटलं, तर गुरांच्या लसूणघासाची दुसरी कापणी उरकली होती, तिसरीला अवकाश होता, म्हणून आमच्या नवऱ्यानं, डेलबर्टनं, पाच दिवस काढले. आणि पाच दिवस मी बघितलं काय? मका!

कारण हा माणूस गाडी चालवत नाही हो, पीक बघत जातो... ताशी तीस मैल, खिडकी उघडी, अंगाची लाही लाही, मागं ट्रकवाले भोंगे वाजवतायत आणि हा आपला, "हं... ओळी वाकड्यात... ह्यानं पेरायची घाई केली." अरे, तुझं शेत आहे का ते? तुझा कोण लागतो तो? मी डोंगर कधी म्हणून विचारावं, तर म्हणे ते कुठं पळून चाललेत? आणि बाहेर? मका!

नेब्रास्कात तर कहर झाला. गुरुवारची दुपार. शेतात चाकांवरचा हा एवढा लांब पाइप गोल फिरत पाणी देत होता, आमच्याकडं सगळं पावसावर, झालं, उतरला हा! एक फेरा पुरा व्हायला किती वेळ लागतो तेवढं बघू म्हणे. अर्धा तास झाला, पाइप हललेला दिसेना... मग शेताचा मालक आला, व्हर्डेल नावाचा, मला वाटलं हाकलेल, सुटू एकदाचे! छे, दोघं कुंपणाला टेकले. फेऱ्याला तीन दिवस लागतात म्हणाला तो, आणि डेलबर्टनं वळून माझ्याकडं बघितलं. ती नजर ओळखते मी... राहिलो हो आम्ही त्यांच्याकडं! पाइपासाठी!

त्याची बायको आर्लिस, भली बाई. भांडी पुसता पुसता मी तिला विचारलं, डोंगर किती लांब गं इथून?

"तीन तास म्हणतात."

म्हणतात? तू गेली नाहीस कधी?

"दोनदा निघालो होतो." तिनं खिडकीतून नवऱ्याकडं बघितलं. "वाटेत गहू लागतो ना."

मला रडूच फुटलं. मग तीही रडली, एकाच फडक्यात दोघी.

रविवारी दुपारी फेरा पुरा झाला. दोघा पुरुषांनी मान हलवली, बस्स, एवढंच! सोमवारपासून आमची गुरं सांभाळायला शेजारी मिळणार नव्हता, म्हणजे परत, म्हणजे पुन्हा मका. पेट्रोल पंपावर डोंगराचं चित्र असलेलं पोस्टकार्ड घेतलं, गाडीत त्याच्या नाकासमोर धरलं, म्हटलं, बघ, हे बघायचं होतं रे मला. खूप वेळ बघत राहिला हो... इंजिनसुद्धा बंद केलं. मला वाटलं, उमजलं माणसाला, आता गाडी वळवतोय... तर चित्राच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारतो, "हे पायथ्याला पेरलंय काय गं?"

मी चष्मा लावला. बघितलं. म्हटलं, ओट्स असावेत.