सेनबीचं नाक

हेनुत : नुसतं नाक तोडायचंय, भाऊजी. एक घाव घाला. वर डोंगरातल्या थडग्यात यायचीही तसदी नको, मी त्यालाच तुमच्या दारात घेऊन आलेय.

नख्ती : वहिनी, शुद्धीवर आहात ना? माझ्या सख्ख्या भावाचं नाक मी तोडू?

हेनुत : भाऊ जाऊन युगं लोटली. ही तर मूर्ती.

नख्ती : मूर्ती म्हणे! मग इतकी वर्षं भाकरी कुणाला घालत होतात? दगडाला? नाक फुटलं की श्वास खुंटला. एकदा मेलेला सेनबी पुन्हा मरेल, आणि या वेळी मागे काहीच उरायचं नाही.

हेनुत : तेच तर हवंय मला.

नख्ती : बसा आधी. पाणी प्या. या टोपल्यातून आणलंत त्याला?

हेनुत : गाढवावर घातला. उतारावर दोनदा कलंडला, मी म्हटलं फुटतोय आता. नाही फुटला. जिवंत असतानाही असाच होता, चिवट.

नख्ती : चांगला दगड होता तो. देवळाच्या कामातून उरलेला. मी मागून घेतला होता त्याच्यासाठी.

हेनुत : ठाऊक आहे. पुजारी आला, दगडासारखं कडक तोंड करून मंत्र म्हणाला, ओठांना हत्यार लावलं आणि म्हणाला, उघडलं याचं तोंड, आता हा खाईल, पिईल. तोंड तुम्ही उघडून दिलंत, भाऊजी. भरत आले मी.

नख्ती : बायकोचंच काम ते.

हेनुत : मग बायकोचे गुडघेही बघा की जरा. हे बघा, सुजून मडकी झालीत. सकाळी भाकरी भाजायची, जवाची दारू गाळायची, होडीवाल्याच्या मिनतवाऱ्या करायच्या, नदी ओलांडायची, मग तो चढ. वर पोचले की हा बघतोय समोर. उशीर झाला की मला वाटतं, रागावलाय. मला झोप लागत नाही हो. थकले मी.

नख्ती : मी थडग्याच्या भिंतीवर भाकरीचं मागणं कोरून ठेवलंय ना? येणाऱ्याजाणाऱ्यानं ते वाचलं, नाव घेतलं, की तेवढंही त्याला पोचतं.

हेनुत : येणारेजाणारे! तिथं कोल्हे येतात, भाऊजी. त्यांना वाचायला कधी शिकवताय?

नख्ती : इपी आहे की. पोटची पोर तुमची.

हेनुत : तिला दिली उत्तरेला, खाडीच्या गावात. तिच्या सासरच्याच तीन मूर्ती आहेत डोंगरात, रोज जेवू घालायला. आणि तुमचे मुलगे?

नख्ती : ते मला जिवंतपणी विचारत नाहीत, मेलेल्या काकाचं सोडाच.

हेनुत : झालं तर मग. वैद्य काय म्हणाला सांगू? माझ्या छातीवर कान ठेवला आणि इकडचं तिकडचं बोलायला लागला. पुढच्या वर्षीचा नदीचा पूर मी बघत नाही. मी गेल्यावर हा तिथं बसणार, तोंड उघडं टाकून, उपाशी. किती दिवस? त्याला तर मरणही नाही आता. म्हणून म्हणते, माझ्या डोळ्यांदेखत सुटू दे त्याला.

नख्ती : त्याच दगडात, त्याच्या पायाशी, तुम्हाला कोरतो मी. दोघं बरोबर राहाल.

हेनुत : म्हणजे आणखी एक उपाशी तोंड! नको बाई. मी मेले की मेले.

नख्ती : असं बोलू नये.

हेनुत : उचला हातोडा.

नख्ती : वहिनी... एक सांगू? ओरडू नका. कोठाराचा कारकून अमेनी गेला, ऐकलंत ना?

हेनुत : पुरण्याआधी मढं खारात सुकत घातलंय म्हणे.

नख्ती : त्याची मूर्ती माझ्याकडे होती. मानेशी तडा गेला. माझाच घाव चुकला, हात थरथरतात आता. पुरायचा दिवस जवळ आला आणि नवा दगड फोडायची ताकद माझ्यात नाही. त्याच्या मुलांनी मूर्तीला जेवू घालायला पुजाऱ्याला शेत लावून दिलंय. रोज भाकरी, रोज दारू, सणाला बदक. कायमचं.

हेनुत : आणि तुमची नजर याच्यावर.

नख्ती : होती. तुमच्याकडे यायची लाज वाटत होती. आज तुम्हीच त्याला घेऊन आलात.

हेनुत : पण हा अमेनीसारखा दिसत नाही. तो ढेरपोट्या होता.

नख्ती : तोंडवळ्याला कोण विचारतं? डोळे, गाल, ओठ आम्ही सगळ्यांचे सारखेच काढतो. पायाशी जे नाव, तो माणूस. सेनबी खरवडायचा, अमेनी कोरायचा.

हेनुत : मग भाकरी कुणाच्या पोटात जाणार?

नख्ती : पुजारी म्हणतील, अमेनीच्या. नाव गेलं की माणूस गेला.

हेनुत : आणि तुम्ही?

नख्ती : मला काय कळतं? मी पाथरवट. पण हे तोंड सेनबीसाठी उघडलं होतं. नाक शाबूत आहे, श्वास आत-बाहेर चाललाय. तो समोरची भाकरी सोडून देईल असं मला तरी वाटत नाही. खात्रीनं सांगू शकत नाही, वहिनी. खोटं नाही बोलणार तुमच्याशी.

हेनुत : हा कालव्याच्या कामावर कसा जायचा माहितीय? स्वतःची पाळी संपली की शेजारच्या मेंतूच्या जागी. हजेरीला मेंतू म्हणून उभा राहायचा, त्याच्या वाटची भाकरी घरी आणायचा. घरात पीठ नसायचं ना तेव्हा.

नख्ती : मला कधी बोलला नाही.

हेनुत : तुम्हाला कसा बोलेल? थोरला भाऊ ना तो. मी विचारलं एकदा, दुसऱ्याचं नाव लावायला लाज नाही वाटत? म्हणाला, भाकरी गरम आहे, आधी खा.

नख्ती : मग... छिन्नी घेऊ?

हेनुत : थांबा. आधी मला सांगू दे त्याला.

(हेनुत मूर्तीवरचं फडकं काढते आणि पुढ्यात बसते.)

हेनुत : अहो, ऐकताय ना? उद्यापासून मी येणार नाही. भाकरी मात्र रोज येईल, माझ्यापेक्षा वेळेवर येईल. तिथं कुणी दुसऱ्याच नावानं हाक मारली, तर हट्ट करू नका. ओ द्या.