कादंबरीतली सासू

– नाही गं, त्या खोलीत नको, इथंच बस. लेखिकाबाई अंघोळीला गेल्यात, येतीलच. तुला मुलाखत हवीय ना? मग तोवर माझी घे! मी कोण? अगं, कादंबरीतली सासू ती मीच – दार ठोठावणारी! वाचलीस ना? खरं सांग, नुसता मलपृष्ठावरचा मजकूर वाचून आलीयस ना? असू दे. मी तीनदा वाचली. नायिका दार लावून स्वतःचा शोध घेते आणि सासू बाहेरून दार वाजवते – वाजवतेच आहे, पन्नास पानं! अगं, वाजवत होते, हातात जेवणाचं ताट होतं म्हणून! माझी सून दोन वर्षं आत शोध घेत होती, तेव्हा बाहेर भात काय आपोआप शिजत होता? माझा मुलगा? तो कादंबरीत 'समंजस नवरा' आहे. पेपर वाचतो. घरातही तेच करतो – तेवढं मात्र हुबेहूब उतरलंय.

प्रकाशनाला मला पहिल्या रांगेत बसवलं. पाहुण्या बाई म्हणाल्या, सासू म्हणजे व्यवस्थेचा आवाज. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या – सगळेच वाजवत होते, एकटीनं कसं गप्प बसायचं? पण घरी आल्यावर सुनेला विचारलं, "नायिकेला नाव, मैत्रिणीला नाव, मांजराला सुद्धा नाव – सासूलाच का नाही?" तर म्हणते, "आई, सुचलंच नाही हो." अकरा वर्षं एका घरात, आणि सुचलं नाही! रागावले? छे. रडले जराशी, ते वेगळं. दुसऱ्या दिवशी वही आणली, स्वयंपाक मुलावर सोपवला. करपवतो. खातो आम्ही.

तर मीही लिहितेय – माझा शोध! चाळीस पानं झाली भराभरा. सगळ्यांना धुऊन काढलंय. आता अडलंय. कशावर? अगं, चोविसाव्या वर्षी मला शाळेत नोकरी चालून आली होती, परगावी. आता इथं माझ्या सासूनं मोडता घातला असं लिहायचं होतं – शोभलं असतं, नाही? पण ती म्हणत होती, "जा गं, मुलाला मी बघते." बॅग तिनंच भरली होती. मीच... मीच म्हटलं, नको. कुणीही अडवलं नव्हतं मला. मीच घाबरले. आता हे कुणाच्या माथी मारू?

– अशी काय बघतेस? हे छापायचं नाही हं. आली बघ लेखिका. जा तिकडे. तुझे प्रश्न तिला विचार, जा.