कुठल्या जिल्ह्यातला एम

नाही, गाडी बंद करा आधी. चालू गाडीतनं वाट विचारली तर आमच्याकडे कोणी धड सांगत नाही. हां, आता या, बसा बाकावर. काय म्हणालात, तो चव्वेचाळीस कुठे लागेल? म्हणजे तुम्ही कॅलिफोर्नियाचे, आणि तेही खालच्या अंगाचे, लॉस एंजेलिसकडचे. बरोबर ना? गाडीच्या नंबरपाटीवरनं नाही ओळखलं, भाड्याची गाडी दिसतेय ती. तुमच्या बोलण्यावरनं ओळखलं — रस्त्याच्या आकड्याआधी ‘तो’ लावलात. तुमच्याकडे हमरस्ता म्हणजे घरातलं माणूस — तो पाच, तो दहा, तो चारशेपाच आज तुंबलाय — जसं काही मेव्हण्याचं पोट बिघडलंय. हसा, हसा. माझा पोरगा केंटन तिकडे गेला आणि वर्षभरात असंच बोलायला लागला. फोनवर म्हणाला, चारशेपाचनं उशीर केला, तर मी विचारलं, कोण रे हा, तुझा साहेब का?

चव्वेचाळीस ना, सांगतो. हा समोरचा रस्ता धरून उत्तरेला जायचं, दोन गावं गेली की पाट्या लागतात, चुकायला जागाच नाही. पण कॉफी घ्या थोडी, बर्नीस देईल आतनं, दुकान तिचंच आहे — मलाही बसायचंच आहे इथं. बोलायला कोणी असलं म्हणजे बरं वाटतं. तर काय सांगत होतो — रस्त्यांची नावं. जिथली तिथली तऱ्हा. मी पंचवीस वर्षं ट्रक चालवला, सगळं बघितलंय. पूर्वेला टोल देऊन जायच्या रस्त्याला वेगळं नाव, बागेतनं जाणाऱ्याला वेगळं, आणि आकडा विचारला तर लोक तुमच्याकडे खुळ्यासारखं बघणार. टेक्ससमध्ये रस्त्याचं नावच मुळी शेत ते बाजार, पुढे आकडा. आणि आमच्याच सेंट लुईसची माणसं घ्या — सरकारनं चाळीसचा चौसष्ट करून किती वर्षं झाली, पाट्या बदलल्या, नकाशे बदलले, ही मंडळी अजून चाळीसच म्हणतात. बाहेरचा माणूस चाळीस शोधत फिरतो बिचारा. त्यांना काय त्याचं.

आणि आमच्याकडे अक्षरं. हा बाजूनं फुटलाय ना, खाली ओढ्याकडे जातो तो — तो एम. नुसता एम. गावाकडच्या रस्त्यांना मिसूरीत अक्षरंच दिलीयत, अक्षरं संपली की डबल — डबल ए, डबल डी. आता गंमत अशी, की जिल्हा बदलला की परत पहिल्यापासनं सुरू. म्हणजे आमच्याकडे एम, शेजारच्या जिल्ह्यात एम, पार तिकडे वरच्या अंगाला आणखी एक एम. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. म्हणून इथला माणूस नुसतं एम कधी विचारत नाही, आधी जिल्हा विचारतो. शेंबड्या पोराला कळतं ते, एक आमचा सोडून. केंटन चार वर्षांचा असताना जत्रेत हरवला होता, पोलिसानं विचारलं कुठं राहतोस, तर म्हणाला, एमवर. पोलीस म्हणाला, कुठल्या जिल्ह्यातल्या? तर यानं कमरेवर हात ठेवून सांगितलं, एकच तर आहे. लवेडा ही गोष्ट येईल त्याला सांगायची. लवेडा माझी बायको.

कोटाकडे बघताय होय. लग्नाबिग्नाला नाही निघालो. एमवर पुढे आमचं चर्च आहे, लवेडा तिथं आहे. मंगळवारी गेली. सगळे जमलेत — पाद्री, तिच्या बहिणी, मंडळी बटाट्याची कोशिंबीर नि हॅम घेऊन कधीची आलीयत, तळघरात झाकून ठेवलंय सगळं. मी इथं बसलोय कारण केंटन यायचाय आणि खाली ओढ्याकडे मोबाइल लागत नाही. नाही, नाही, उठू नका, तुमचं काही चुकलं नाही. अकरापर्यंत येतो म्हणाला होता, बाराला ठेवायची होती तिला. आता एक वाजून गेला. त्या पश्चिमेच्या ढगाला बघून पाद्रीनं दोनदा माणूस पाठवला — वादळाचा इशारा आहे, आणि खड्डा तर काल संध्याकाळीच खणलाय. आमची माती चिकणी, पाणी भरलं की भरलं. मी म्हटलं, थांबा. पोर तिकडनं विमानानं येतंय, थांबा. दवाखान्यात लवेडा सारखी दाराकडे बघायची. नर्सला म्हणायची, माझ्या मुलाला वाट विचारावी लागत नाही, तो डोळे मिटून येईल. नऊ वर्षं नाही आला, तरी हेच म्हणायची. मला राग यायचा, खरं सांगतो. तिचा नाही. कोणाचा, ते जाऊ दे.

काय गं बर्नीस? — दे, खिडकीतनं दे इकडे, वायर पुरते. — हां केंटन, बोल. — कुठे आहेस? — चर्चसमोर? कुठल्या चर्चसमोर, मी कोपऱ्यावरच बसलोय, तुझी गाडी गेली नाही इथनं. — हं. — पांढरं, बरं. — नाही, आपल्या चर्चसमोर पाण्याची टाकी नाही रे. — नऊ वर्षांत झाली असेल वाटलं तुला? — कोणीच नाही तिथं? — कधीपासनं उभा आहेस? — हं. — फोनवरच्या नकाशानं नेलं म्हणतोस. एम टाकलंस नुसतं. — नाही, ओरडत नाहीये. मी कुठं ओरडतोय. — अरे, तो वरच्या जिल्ह्यातला एम. तिथनं इथं यायला तीन तास. — रडू नको. केंटन. ऐक. — थांबता येणार नाही, बाळा. आभाळ आलंय. — ऐक, त्या चर्चचं दार उघडं आहे का बघ. नसलं तर पायरीवर बस. आम्ही दोनला ठेवतोय तिला. दोनला तू तिथं मान खाली घाल. पुरे तेवढं. मग ये सावकाश. — नाही, तिला नाही राग येणार. तिला कधी आला होता? — ठेवतो.

घे गं फोन. पाद्रीला सांग, निघालो म्हणावं.

मोकळ्या आवारात उभा होता, दीड तास. सुटाबुटात, हातात फुलं. त्याला वाटलं आपणच लवकर आलो, आता येतील सगळे. मी त्याला फोनवर नुसतं म्हटलं होतं, एमवरच्या चर्चला ये. जिल्हा नाही सांगितला. स्वतःच्या पोराला जिल्हा सांगतात का? तुमच्या वडलांनी सांगितला असता? त्याच्यासाठी एकच होता ना. एकच होता.

नको, पाणी नको. कॉफी संपवा तुम्ही. तुम्हाला चव्वेचाळीस गाठायचाय, उत्तरेला जायचंय, मी काय घेऊन बसलो —

पाठ धड आहे का हो तुमची? नाही, विचारतो एवढ्यासाठी, की दफनभूमी टेकाडावर आहे आणि वाट दगडांची, चाकाची गाडी चढत नाही. पेटी हातानं न्यावी लागते. सहा जण लागतात. आमच्याकडे आता धडधाकट उरलेत कोण — पाच आहेत. सहावी जागा त्याची होती, डोक्याकडची, डावी. लवेडा जड नाही हो. शेवटी शेवटी काही राहिलंच नव्हतं तिच्यात. अर्धा तास जाईल तुझा, जास्त नाही. ऊठ पोरा. जॅकेट राहू दे तसंच, चालतं. आणि तिच्या बहिणींना डोळ्यांनी नीट दिसत नाही, त्यांनी विचारलं कोण, तर कॅलिफोर्नियाहून आलोय म्हण. तेवढं तर खरं आहे. पुढचं काही बोलू नको. चल.