पितळी जाळी

(बंदराच्या तोंडाशी शिडाची एक छोटी होडी. वारा पडलाय, शीड लोंबतंय. सासरे सुकाणूपाशी, सून खाली, इंजिनाच्या उघड्या झाकणाशी.)

सून : डिझेलचा कॉक तुम्ही बंद केलात ना, बाबा? खरं सांगा.

सासरे : मी इथे, कॉक तिथे. माझा हात काय रबराचा आहे?

सून : मागच्या खेपेला असंच केलं होतंत. गुपचूप डिझेल तोडलंत आणि म्हणालात, आता चालू करून दाखव.

सासरे : ती परीक्षा होती. आज कसली परीक्षा? संध्याकाळी गिऱ्हाईक येणार आहे आपल्या या होडीला, म्हातारीला बघायला. त्याच्यासमोर तिला दोर बांधून ओढत आणायची हौस आहे का मला?

सून : म्हणजे इंजिन खरोखरच बंद पडलं.

सासरे : पडलं. आणि का पडलं तेही सांगतो. तुझ्या त्या जाड्याभरड्या फिल्टरमुळे! मी म्हटलं होतं, सगळ्यात बारीक मिळतो तो बसव. बारीक ते चांगलं.

सून : दोन फिल्टर आहेत, बाबा. दोघांना एकच काम कशाला द्यायचं? टाकीजवळचा जरा मोठ्या भोकांचा, इंजिनावरचा बारीक. आधी चाळण, मग वस्त्रगाळ. पहिलाच बारीक लावला तर टाकी दोनदा हेलकावली की तो तुंबणार.

सासरे : आणि आता? चाळणीतून कचरा पुढे गेला, वस्त्रगाळ तुंबलं, इंजिन गुदमरलं. तुझ्या रक्ताच्या प्रयोगशाळेत चालत असतील असले प्रकार.

सून : तिथे आधी तपासतात, मग निदान करतात. एवढाच प्रकार चालतो.

सासरे : जीभ मात्र तुंबत नाही तुझी.

बंदर : (वायरलेसवरून) बंदर बोलतंय. शिडाची होडी, ऐकू येतंय का? तुम्ही भरतीबरोबर दगडी बांधाकडे सरकताय. मदत हवी का?

सासरे : कप्तान बोलतोय. मदत नको. इंजिन जरा विश्रांती घेतंय.

बंदर : ओढणारी बोट तयार ठेवू का, कप्तान?

सासरे : तयार ठेवायला काय जातंय? पण सोडू नका.

सून : बाबा, नांगर?

सासरे : इथे पाणी खोल आहे. नांगर तळाला लागेल तोवर आपण बांधाला लागू. थोडं पुढे उथळ आहे, तिथे टाकता येईल.

सून : मग दोर मोकळा करून ठेवा. मी सांगितलं की टाका.

सासरे : तू सांगितलं की?

सून : तुम्हाला खालचं दिसत नाही, मला वरचं दिसत नाही. कुणीतरी एकानेच सांगायला हवं ना?

सासरे : ...ठेवतो मोकळा. पण ठरलंय काय, आठवतंय ना? इंजिन सांभाळता आलं तर म्हातारी तुझी. नाही तर संध्याकाळच्या गिऱ्हाइकाची. ज्याला इंजिन कळत नाही त्याच्या हाती मी ती देणार नाही, मग तो घरचा का असेना.

सून : घरच्यांपैकी एकाला तर तुम्ही आधीच बाद केलंय.

सासरे : माझ्या चिरंजीवांना? बादलीतलं पाणी हललं तरी पांढरा पडतो तो. त्याला काय बाद करायचं, तो जन्मतःच बाद. बरं, काय करतेयस?

सून : पहिल्या फिल्टरची काचेची वाटी बघतेय. स्वच्छ आहे. पाणी नाही, गाळ नाही.

सासरे : मी म्हटलंच, कचरा पुढे गेला.

सून : आता हातपंप मारते. फिल्टरवरचा, पंपाची ओढ दाखवणारा काटा बघतेय... चढला. सरळ तांबड्यात गेला.

सासरे : मग?

सून : मग इंजिनावरचा फिल्टर तुंबलेला नाही. तो पंपाच्या पुढे आहे, काटा पंपाच्या मागे. पुढे अडलं असतं तर काटा जागचा हलला नसता. पंप मागून ओढतोय आणि मागून काही येत नाही. अडलंय ते काट्याच्या मागे.

सासरे : म्हणजे पहिला फिल्टर. तोही तूच निवडलास. बारीक अडतो, जाडही अडतो, मग घ्यायचा तरी कुठला?

सून : थांबा ना. तो छोटा कॅन आहे ना, गाळलेल्या डिझेलचा?

सासरे : जिन्याखाली. काय करणार?

सून : टाकीची नळी फिल्टरपासून सोडवते. तिच्या जागी रबरी नळीचा तुकडा, आणि त्याचं टोक कॅनमध्ये. टाकीला बाजूला ठेवून फिल्टरला विचारते, तू तुंबलायस का म्हणून.

सासरे : फिल्टरशी बोलते ही! सुनेला होडीवर आणली आणि... जरा लवकर विचार. बांधावरचे शंख मोजता येतील एवढ्या जवळ आलोय.

सून : पाना घसरतोय... सुटली. बसवली. पंप मारते. बाबा, मान वाकवून तुम्हीच बघा. मी सांगितलं तर म्हणाल, मनचं सांगते.

सासरे : काटा... शून्यावर.

सून : हलतोय?

सासरे : ढिम्म हलत नाही. डिझेल सरासर येतंय की.

सून : मग फिल्टर सुटला निर्दोष. अडलंय त्याच्याही मागे. कॉक उघडा आहे, नळी कुठे दुमडलेली नाही. उरली टाकी. बाबा, टाकीत उतरणाऱ्या नळीच्या तोंडाला काही बसवलंय का?

सासरे : जाळी आहे.

सून : कसली जाळी?

सासरे : पितळी. माझ्या हातची. लेथवर कडं कातलं, त्यावर जाळी ताणून झाळकामाचा डाग दिला. डोळ्यांना दिसणार नाही असा डाग. कारखान्यात सगळे बघायला आले होते.

सून : आणि मला सांगितलं नाहीत!

सासरे : सांगायचं काय त्यात? या फिल्टरांच्या आधी ती होती. तिच्यातून कधी माशीचा पंखसुद्धा गेला नाही.

सून : आज डिझेलसुद्धा जात नाही. टाकीच्या तळाचा काळा चिकटा हेलकाव्याने वर आला आणि तिच्यावर बसला. फिल्टर काढून बदलता येतो. ही कशी काढणार होतात?

सासरे : टाकी उघडून.

सून : इथे?

सासरे : इथे कसं... बरं, आपण असं करू. कॅनवरच इंजिन चालवू. धक्क्यापर्यंत पुरेल.

सून : पुरेल. पण मग संध्याकाळी तुम्ही म्हणाल, सूनबाईने म्हातारीला सलाईनवर घरी आणली.

सासरे : म्हणेनच!

सून : रबरी होडक्याचा पायपंप द्या इकडे. फुगवायचा.

सासरे : आता होडकं फुगवून उतरायचं म्हणतेस?

सून : नाही. या नळीतून उलटी हवा मारायची, टाकीच्या दिशेने. जाळीवर बसलेलं आतून ढकललं की सुटेल. टाकीचं झाकण उघडा आणि कान लावा.

सासरे : या पायपंपाने? हे... हे माझ्या डोक्यात कसं नाही आलं?

सून : तुमच्या डोक्यात जाळी आहे. मारते हं. काही ऐकू येतंय?

सासरे : काही नाही. मार.

सून : आता?

सासरे : नाही. जोरात मार, प्रयोगशाळेत मारतेस तशी फुंकर नको!

सून : आता?

सासरे : बुड... बुडबुडतंय! सूनबाई, भांड्यात पाणी उकळावं तसं बुडबुडतंय!

बंदर : शिडाची होडी, बोट सोडतोय आम्ही.

सासरे : थांबा हो! जरा दम धरा!

सून : त्यांना सांगा, सोडली तरी चालेल, पण दोर टाकू नका. आणि पुढे जाऊन नांगरापाशी उभे राहा. उथळ लागलं की टाका, माझी वाट बघू नका.

सासरे : बंदर, बोट येऊ द्या. दोर टाकू नका. ...मी नांगरापाशी आहे. तुझं काय राहिलं?

सून : नळी परत जोडली. पंप मारतेय. काटा हिरव्यात आहे. इंजिनावरच्या फिल्टरचा स्क्रू सैल केलाय, एअर काढतेय. फेस येतोय अजून.

सासरे : घाई करू नकोस. बुडबुडा राहिला तर पुन्हा रुसेल.

सून : माहीत आहे. फेस... फेस... आता नितळ. स्क्रू आवळला. फडकं फिरवलं. बाबा, पाणी किती?

सासरे : नांगर पोचेल एवढं आलं. टाकू?

सून : हाताशी ठेवा. एकदाच मारते किल्ली.

सासरे : मार.

सून : (किल्ली फिरवते.)

सासरे : घे गं म्हातारे, घे, घे... घेतलं! ऐकलंस? अगं, कशी खणखणीत घेतली!

सून : ऐकलं. जरा थांबा, गिअर टाकू नका. काटा बघू दे... स्थिर आहे. आता सुकाणूवर या. सावकाश पुढे, बांधापासून लांब.

सासरे : सावकाश पुढे. ...हसतेस काय?

सून : हसत नाही. डिझेल गेलंय डोळ्यात.

सासरे : माझ्याही गेलं असावं. एवढ्या लांब कसं उडालं कोण जाणे.

सून : बाबा, ती जाळी मात्र काढायची. या आठवड्यातच. टाकीही आतून धुवायची, नाही तर उरलेला चिकटा पुन्हा बसेल.

सासरे : माझ्या हातची आहे ती.

सून : म्हणून तर टाकणार नाही. आतल्या फळीवर घड्याळाशेजारी खिळ्याला टांगू. आल्यागेल्याला तो डाग दाखवता येईल.

सासरे : डाग दिसत नाही, तेच तर त्याचं कौतुक!

सून : न दिसणारा दाखवू.

सासरे : फिल्टर पुन्हा आणशील तेव्हा... पहिला तोच आण. मोठ्या भोकांचा.

सून : चाळण.

सासरे : चाळण. आणि दुसरा वस्त्रगाळ. मला काय, मी आधीपासून तेच म्हणत होतो.

सून : हो ना, अगदी तेच.

बंदर : शिडाची होडी, धूर दिसला तुमचा. बोट परत बोलावतोय. आणि इथे धक्क्यावर एक गृहस्थ आलेत, होडी बघायला म्हणतात. लवकरच आलेत. काय सांगू त्यांना?

सासरे : बघा म्हणावं खुशाल. बघण्यासारखीच आहे. विकायची मात्र नाही.

बंदर : बरं. आत येताना डाव्या अंगाने या, कप्तान. उजवीकडे गाळ साचलाय.

सासरे : सांगतो तिला. आता कप्तान ती.