कोणाला दिसेल? फक्त मला!

नाही, पण मला सांगा, माणसाने अजून बंद करायचं तरी काय? प्रोफाइल बंद, फोटो बंद, मी कोणाचं पान बघितलं ते बंद, 'नोकरी शोधतेय' ही खूण माझ्या ऑफिसातल्यांना दिसू नये म्हणून... म्हणजे ती चालू, पण त्यांच्यापुरती बंद! त्या नोकरीवाल्यांच्या साइटवर एवढी बटणं आहेत की विमान उडवायला कमी लागत असतील. आणि प्रत्येक बटणाखाली तोच प्रश्न : कोणाला दिसेल? मी दर वेळी दाबलं : फक्त मला. मला वाटलं होतं, नोकरी बदलायची म्हणजे गुपचूप अर्ज, गुपचूप मुलाखत, मग एक दिवस सरांच्या केबिनमध्ये जाऊन सभ्यपणे दोन वाक्यं. आणि झालं काय? आमच्या गावच्या, मनोरीच्या जेटीवर बारा फुटी फ्लेक्स! फ्लेक्सवर मी! माझ्यामागे सिंह!

समुद्रावर शिकून आलेल्या मुलीच्या मागे सिंह! का? कुणालाच माहीत नाही.

तुम्हाला सांगते, मी नॉर्वेत शिकले. मासे, किनारा, मासेमारांचे हक्क, सगळं तिकडे शिकले. तिकडे माझा शेजारी आधी दाराच्या भोकातून बघायचा, जिन्यात कोणी नाही ना, मगच बाहेर पडायचा. दोन वर्षांत त्याचं नाव कळलं नाही मला. आणि परत कशाला आले? तर आपल्या लोकांसाठी काहीतरी करायचं! हसू नका, खरंच! नोकरी लागली अंधेरीला, एका सल्लागार कंपनीत. किनाऱ्यावर काही बांधायचं असलं की आधी अहवाल लागतो, तो आम्ही लिहितो. पहिलाच अहवाल आमच्याच किनाऱ्याचा, आणि त्यात मला वाक्य टाइप करायला दिलं : 'या भागातील मासेमारी नगण्य आहे.' नगण्य! अहो, त्या नगण्यात आमची होडी उभी आहे! माझे बाबा, हरेश्वर, त्या नगण्यात पहाटे जाळं टाकतात! मी आमच्या साहेबांना, सुबोध सरांना म्हटलं, "सर, हे खोटं आहे." सर म्हणाले, "कल्पिता, वाक्य जुनं आहे, प्रत्येक अहवालात असतं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मी मनाला लावून घेतलं. कोळ्यांची मासेमारीची जागा नकाशावर मांडून देणारी एक संस्था आहे, तिथे अर्ज केला. मुलाखत झाली, छान झाली. फक्त ते शेवटी म्हणाले, "आम्ही तुमच्या सरांना फोन करून विचारू हं." म्हणजे लग्नात विचारतात ना, मुलगी कशी आहे, तसं! तेव्हा सरांना कळायचं तर माझ्याकडूनच कळायला हवं, आणि नीट कळायला हवं. तोवर? कोणाला दिसेल? फक्त मला.

आता इथे अल्पेश येतो. माझा चुलतभाऊ. वाडीच्या मंडळाचा कार्यकर्ता, आणि जिवलग मित्राचं फ्लेक्स छापायचं दुकान. इथेच मला कळायला हवं होतं, नाही का? पण बाहेरच्याला आपलं काय दिसतं, हे आपल्याच फोनवरून कसं कळणार? मी नव्या नोकरीचं पद नुसतं टाइप करून बघितलं होतं हो, नावाखाली कसं दिसतं ते! दुकानात ड्रेस अंगाला लावून बघतो ना आपण? विकत घेतला का? नाही! तर मी त्याला म्हटलं, "अल्पेश, तुझ्या फोनवर बघ ना, माझं काही दिसतंय का?"

"दिसतंय ना ताई! सगळं दिसतंय! झकास!"

मी उडालेच. कुठलं तरी बटण राहिलंच होतं! ते पद पुसलं. "आता?"

"आता काय नाय."

हुश्श! पण त्या मधल्या वेळात पठ्ठ्याने स्क्रीनशॉट काढला. अभिमानाने!

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी आले, फेरीबोट जेटीला लागली, वर बघते तर... 'मनोरीची शान, डॉ. कल्पिता हिची किनारा हक्क अभ्यासक पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' कसली निवड? आणि डॉक्टर कोण? खाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यात तिघं गॉगल लावून! आणि शनिवारी सकाळी आमच्या ऑफिसची पिकनिक. कुठे? मनोरीला. सुचवलं कोणी? मी!

"अल्पेश, आत्ताच्या आत्ता उतरव!"

"ताई, वेडी झालीस काय? खाली बघ ना, सगल्या पोरांचे फोटो आहेत. कोणाला काय सांगू?"

"अरे, अजून नोकरी मिळाली नाही मला!"

"मग काय झालं? मिळेल ना!"

घरी आले तर पुतळाआत्या बसलेली. माझी आत्या, अंधेरीच्या बाजारात मासे विकते. म्हणाली, "अगो, फोटू जाम भारी आयलाय! अल्पेशनी सकालीच फोनवर धाडला, मी सगल्या गिऱ्हाइकांना सांगलं." सगळ्या! माझं ऑफिस कुठे? अंधेरीला! म्हणजे मी कोणाला काय लपवत होते? बटणं दाबत बसले, आणि आत्या पापलेटासोबत माझी बातमी फुकट देत होती!

रात्रभर डोळा नाही. पहाटे उठले, कोयता घेतला, जेटीवर गेले. दोऱ्या कापायच्या, संपला विषय. तर फ्लेक्सखाली बाबा. बोटीला थांबलेल्या चार अनोळखी लोकांना बोट लावून वाचून दाखवत होते, अडखळत : "किनारा... हक्क... अभ्यासक. म्हंजे आमची जागा नकाशावर लिवनार ती. माजी पोर हाय." नॉर्वेत मी काय शिकले, ते या माणसाने आजवर एकदाही विचारलं नव्हतं हो.

कोयता पाठीमागे गेला.

आणि मी ठरवलं. लपवायचं नाही. नगण्य त्यांनी लिहायचं आणि लपायचं मी? का म्हणून? खाडीपलीकडच्या मार्व्याहून बोट आली, सर उतरले, मी सरळ पुढे. "सर, मी दुसरीकडे अर्ज केलाय. नोकरी अजून मिळालेली नाही, मिळाली तर जाणार. कारण ते वाक्य. तुम्हाला फोन येईल, खरं ते सांगा."

सरांनी मान वर करून फ्लेक्स वाचला.

"मागे सिंह का आहे?"

"माहीत नाही, सर."

"आणि पाठीमागे कोयता?"

"तो... नारळासाठी, सर."

"सोमवारी बोलू," म्हणाले, आणि गेले. आता सोमवारी काय बोलतात कोण जाणे! मी तिथेच फोन काढला, सगळी बटणं उघडली. कोणाला दिसेल? सगळ्यांना!  आत्या टोपली घेऊन बोटीला निघाली होती. म्हटलं, "आत्या, आणि नोकरी नाहीच मिळाली तर गं?"

आत्याने फ्लेक्सचं टोक धरून उलटं करून बघितलं.

"पाठीमागून कोरा हाय. जवला सुकत घालू."