दोन किलवरचं भांडण

हॅलो?… हॅलो? हो, हो, शाळाच. सत्यशीलाच बोलतेय… परभणीहून ट्रंक कॉल? जोडा, जोडा बाई.

उषा? अगं किती बारीक आवाज येतोय! जोरात बोल… कडूबा, तो पंखा बंद करा बरं जरा, खडखडीत काही ऐकू येईना… तुला न्हाई गं, शिपायाला म्हणते.

लग्न पार पडलं ना बराबर?… मंग उद्याच्या गाडीनं येतीस ना जालन्याला?… हॅलो?… बरं, ते राहू दे. तीनच मिनिटं मिळतात, आधी पत्त्यांच्या बोलीचं ठरवू. परवा रविवारी क्लबात ब्रिजची मॅच, अन् आपलं दोघींचं अजून एकमत न्हाई. मागच्या वेळी डॉक्टरीणबाई कशा हसल्या, आठवतं ना? "एकमेकींना पत्ते दाखवूनच खेळा" म्हणे!

हं, ऐक. मी एक बदाम म्हणाले, तर माझ्याकडं बदामाची पाच पानं. चार न्हाई, पाच… चालेल? बरं.

हात कच्चा असला तर उगं उड्या मारायच्या न्हाईत, गुमान पास म्हणायचं… हेही चालेल?

चार नो-ट्रम्प म्हटलं की हातात एक्के किती, ते सांगायचं… अरे वा.

आता मोठं. मी एक नो-ट्रम्प, म्हणजे बिनहुकमाचा डाव, म्हणाले अन् तू दोन किलवर म्हणालीस, तर तुझ्या हातात किलवर आहेत असं न्हाई. तो नुसता प्रश्न. "तुझ्याकडं बदामाची न्हाईतर इस्पिकची चार पानं आहेत का?" नसली तर मी दोन चौकट म्हणणार…

काय?… "तू म्हणतीस तसं"?

उषा, वर्षभर या दोन किलवरवरून तू माझं डोकं खाल्लंस. चहा निवायचा, भाऊजी जेवायचे खोळंबायचे, पण तू हटली न्हाईस. "हातात किलवर असले तरच किलवर म्हणीन. मनात एक अन् तोंडात दुसरं, मला जमत न्हाई." कोण म्हणायचं हे?… मंग आज सगळ्याला हो हो काय करून राह्यलीस?

…रडतीस का तू?

काय झालं गं?… बदली? भाऊजींची?… कुठं?… अकोल्याला. अगं, पण बँकेची बदली म्हणजे महिना-दोन महिने तरी… लगेच? परभणीहूनच परस्पर?… अन् घर?… भाऊजी एकटेच येऊन ट्रक भरणार. हं.

न्हाई, ऐकून राह्यले मी. बोल.

रागावले न्हाई गं. वाईट वाटतंय. लई वाईट वाटतंय. कालच तुझ्या फाटकावरून गेले, तर जाई सुकल्ती. पाणी घालून आले. म्हटलं, येईलच आता.

…दुसरी पार्टनर? कुठून आणू? मेंबर तू, मी तुझी पाहुणी. तुझ्या नावावर माझी खुर्ची… डॉक्टरीणबाईंना माझ्या मेंबरशिपचं विचारलंस? काय म्हणाल्या?… "बघू".

हां. तो "बघू" मला कळतो, उषा. लहानपणापासून कळतो, आडनाव सांगितलं की हाच ऐकत आले… तू नको रडू, तुझा काय दोष.

पत्ते? तो हळद लागलेल्या बदामराणीचा कॅट ना, माझ्याकडंच आहे. भाऊजींजवळ देते… मी ठेवू? एकटी काय खेळू त्याच्याशी?… बरं. ठेवते.

अन् ऐक ना, अकोल्यात क्लब असेलच. तिथल्या पार्टनरला तुझंच सांग. दोन किलवर म्हणजे किलवर… खरंच सांगते, तुझंच बराबर होतं. हातात तेच तोंडात.

काय?… आता माझं बराबर? किलवर म्हणून बसलं की बदाम हातचे जातात? अगं बाई, हेच तर मी बोंबलून सांगत होते! वर्षभर कुठं गेल्ती ही अक्कल?… न्हाई, आता मी न्हाई ऐकणार… ओरडू नको. मी कुठं ओरडून राह्यले?… किलवर म्हणजे किलवर!… बिलकुल न्हाई!… अगं ऐक तर…

कोण?… तीन मिनिटं झाली? बाई, तोडू नका. आणखी तीन द्या ना… कॉल तिनं लावलाय, तिला विचारा, ती हो म्हणेल… अहो, भांडण अर्धं राह्यलंय आमचं…

उषा?… हॅलो?